घरच्या बोलीखालची लाल रेघ

बाई,

तुमच्या वर्गातून बाहेर पडलेले आम्ही सगळे आता साठी ओलांडून बसलो आहोत, आणि आमची तक्रार अजून तीच आहे जी तुमची होती: या वसई-विरारमध्ये एक पाटी धड लिहिलेली सापडत नाही. नाक्यावरच्या फलकावर ‘आर्शिवाद’ असतात, रफार एक अक्षर आधीच उतरलेला. पुण्यतिथीच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारे पुढारी हात जोडून हसत असतात. खड्ड्यांविरुद्ध मोर्चा निघतो आणि मोर्चाच्या कापडावर रस्त्याची ‘दुरावस्था’ लिहिलेली असते, म्हणजे रस्त्याची आणि शब्दाची एकाच कापडावर वाट लागलेली. मागच्या शिक्षक दिनाला आपल्या वर्गाच्या मोबाइलवरच्या गटात आपल्यातल्याच एकाने, जो तुमच्या पहिल्या बाकावर बसायचा, ‘शिक्षक दीनाच्या शुभेच्छा’ पाठवल्या. मी त्याला लिहिलं, अरे शहाण्या, शिक्षक दीन झालेत हे खरं, पण ते नेमकं आजच कशाला सांगतोस? तो म्हणाला, फोनने लाल रेघ मारली नाही. कशी मारेल? ‘दीन’ हाही शब्द आहे आणि ‘दिन’ हाही. त्या यंत्राला दोन्ही मुलं हजर दिसतात. कोण कोणाच्या जागेवर बसलंय हे त्याला कळत नाही. तुम्हाला पाठमोरं असतानाही कळायचं.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकता सभांमधून बोलायला लागलो होतो. त्यानंतर मी आयुष्यभर बोललो. पोट बँकेच्या नोकरीवर भरलं, पण लोकांनी ओळखलं ते बोलण्यामुळे. विहिरी खाऱ्या झाल्या त्यावर बोललो, टँकरवर बोललो, वाड्या तोडून उभ्या राहणाऱ्या इमारतींवर बोललो, आणि अर्थात पाट्यांवर. अशुद्ध पाटी दिसली की दुकानात शिरून मालकाला सुनावायचो. एकदा एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या सभेत त्याच्याच फलकावरच्या चुका माइकवरून वाचून दाखवल्या. लोक हसले, तोही हसला, आणि पुढच्या वर्षी त्याने फलकाचा मजकूर छापण्याआधी माझ्याकडे पाठवला. माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. हा आवाज तुम्ही घडवलात, हे मी प्रत्येक सभेत म्हणत आलो. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याच्या खाली एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. तोंड उघडलं तर ओठ हलतात, बाकी काही होत नाही. लोकांना वाटतं, हळू तरी बोलता येत असेल. नाही येत, बाई. कुजबुजसुद्धा नाही.

आता मी फोनवर टाइप करतो आणि बटण दाबतो. मग एक बाई ते मोठ्याने वाचते. बातम्या देणाऱ्या बायकांसारखा तिचा आवाज आहे, नीटनेटका, कुठेही न अडखळणारा. पण तिच्या तोंडी शब्द जायच्या आधी मधे दुसरं एक यंत्र बसलेलं आहे, ते शब्द सुधारतं. मी माझ्या गावाचं नाव ‘गास’ लिहितो, ते ‘गॅस’ करतं. दवाखान्यात नर्सने विचारलं, काका, तुम्ही कुठले? फोन खणखणीत आवाजात म्हणाला, ‘मी गॅसचा.’ ती म्हणाली, “पोटाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, काका.” मी हसलो, पण हसण्याचाही आवाज येत नाही आता, त्यामुळे तिला वाटलं मी चिडलो. आमची पोर्तुगीज वळणाची आडनावं तर त्याला अजिबात सोसत नाहीत. परवा शेजारी वारले तेव्हा गटावर शोकसंदेश टाकताना त्यांच्या आडनावाचं त्याने एका मिठाईचं नाव करून टाकलं. मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं.

हे सगळं बाहेरच्या जगात चालून जातं. हसून सोडता येतं. मी अडकलोय तो घरात, बाबांच्या खाटेपाशी.

माझे वडील अजून आहेत. नव्वदी उलटली, दोन्ही डोळे गेलेत, अंथरुणावरून उठणं नाही. डोकं ये-जा करतं, सकाळी लख्ख असतात आणि दुपारी माझ्या आईला हाका मारतात, जी कधीची गेली. त्यांना तुमची मराठी कळते, नाही असं नाही. पण त्यांच्या लेखी ती प्रवचन देणाऱ्या फादरांची भाषा, मोजणीला येणाऱ्या सरकारी माणसाची भाषा, आणि शाळेत भेटलेल्या तुमची. घरात ती कोणी बोललं की पाहुणा आलाय असंच ते धरतात. आमच्या घरात बऱ्याच शब्दांत ‘च’ येतो तिथे ‘स’ म्हणतात आणि ‘स’ येतो तिथे ‘ह’. चहाला ‘सा’, चारला ‘सार’, सातला ‘हात’. तुम्हाला हे मी समजावतोय, याचं मलाच हसू येतंय. ते का, ते पुढे लिहितो.

इस्पितळातून घरी आलो त्या दिवशी मी बाबांच्या उशाशी बसलो आणि लिहिलं: बाबा, मी आलो. बरा आहे. फोनमधली बाई बोलली. बाबांनी मान वळवली.

“कोन ही बाय?”

माझी बायको दारातून म्हणाली, “बाबा, हे बोलतात. फोनमधून.”

“पोरगा बोलतो? मग बायचा आवाज कसा?”

“आवाज मशीनचा आहे. बोलणं यांचं.”

बाबांनी विचार केला. “सांगली बोलते,” म्हणाले, म्हणजे चांगली बोलते. “सा दे तिला. लांबून आली असंल.”

आम्ही सगळे हसलो त्या दिवशी. बायकोने खरंच चहा आणला आणि तो मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी बाबांनी फोनमधल्या त्या बाईलाच हळूच विचारलं, “तो बोलत का नाय माझ्याशी? अजून राग हाय?”

हा राग कुठून आला, ते सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे माझा आवाज बसला होता आणि मी तसाच सभा करत फिरत होतो. एका संध्याकाळी घरी आलो, घसा सोललेला, तरी जेवता जेवता सभेत कोणाची कशी जिरवली ते बायकोला ओरडून सांगत होतो. बाबा खाटेवरून म्हणाले, “पुरे आता. आख्ख्या गावाचे कान खाल्लेस. गप बस. कायमचा गप बस एकदा.” कुठलाही बाप कुठल्याही पोराला म्हणेल तसं ते म्हणाले. मी हसून ताट उचललं. मग तपासण्या झाल्या, इस्पितळ झालं, आणि मी परत आलो तो खरोखर गप बसूनच. बाबांच्या डोक्यात ऑपरेशन राहत नाही; सांगितलं की ऐकतात, मान हलवतात आणि घटकाभराने विसरतात. राहिलंय ते एवढंच, की आपण पोराला गप बस म्हटलं आणि तो गप बसला. आपल्यावर रागावला. इतका, की आता मरेपर्यंत बोलणार नाही.

त्यांना एकच वाक्य ऐकायचं आहे, बाई. ‘मी रागावलो नाही.’ हजारो माणसांपुढे तास-तासभर बोललेल्या माणसाकडून एक वाक्य. आणि ते माझ्याच तोंडून हवं. बायकोने सांगून पाहिलं. ती सांडोरची, तिची माहेरची बोली आमच्याहून वेगळी. बाबा तिला अजून ‘सांडोरवाली’ म्हणतात. “तू त्याची बायको,” ते म्हणाले. “तू त्याचीच बाजू घेनार. त्याला बोलू दे. दुनियेपुढं बोलतो, बापाला एक शबूद नाय?” माझ्या मुलाने सांगून पाहिलं. तो विरारला फ्लॅटमध्ये राहतो, त्याची मराठी मुंबईची, अर्धी हिंदी. “आजोबा, डॅडी अँग्री नाहीयेत, रिलॅक्स,” तो म्हणाला. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “शाळा सुटली का रं?” मुलगा चाळिशीचा आहे. डॉक्टरांनी गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं होतं, त्यातून घरघर करत शब्द निघतात. ते मी लावलं आणि सगळा जीव एकवटून बोललो. बाबा दचकून म्हणाले, “पंप बिघडला. बंद करा रं कोनी, जळंल तो.” ते यंत्र मी परत पेटीत ठेवलं.

मग मी ठरवलं की घरच्या बोलीतच लिहायचं. फोनवर ‘नाय’ लिहिलं. त्याने ‘नाही’ केलं. पुन्हा ‘नाय’ लिहिलं. पुन्हा ‘नाही’. तिसऱ्यांदा त्याने शब्द राहू दिला, पण खाली लाल रेघ मारली, नागमोडी. आणि त्या रेघेकडे बघताना मला तुम्ही दिसलात.

पाचवीचा वर्ग. तुम्ही विचारता, आठवड्याचे वार किती? मी उभा राहतो, छाती पुढे काढतो आणि म्हणतो, “हात.” आधी मागचे हसतात, मग पुढचे, मग खिडकीबाहेरून जाणारा शिपाईसुद्धा. तुम्ही हसत नाही. तुम्ही माझ्यापाशी येता, साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढता आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणता, “चपला कुठे काढतोस?” मी म्हणतो, बाहेर. “मग घरचं बोलणंही तिथेच काढून ये. वर्गात येताना पाय आणि जीभ दोन्ही स्वच्छ.” त्या दिवसानंतर मी रोज तेच केलं. चपला काढताना मनातल्या मनात एक दार लावायचो. पुढे ते दार इतकं सवयीचं झालं की चपलांची गरज उरली नाही. नीट कपडे घातले, चारचौघांत गेलो, की ते आपोआप लागायचं.

तुमच्यावर राग धरून हे लिहीत नाही. तुम्हाला माहीत होतं की गासचा पोरगा कचेरीत जाऊन ‘हात’ म्हणाला तर तिथे त्याचं काम होणार नाही, नुसतं हसं होईल. तुम्ही आम्हाला चिलखत घातलंत. आठवीत वक्तृत्व स्पर्धेला नेताना तुम्ही एस. टी.त माझ्या शेजारी बसला होतात आणि रुमालात बांधलेल्या लवंगा मला दिल्यात. “एक दाढेखाली धर. घसा उघडा राहतो. आणि माझ्याकडे बघू नकोस, शेवटच्या खुर्चीकडे बघ.” मी शेवटच्या खुर्चीकडे बघून बोललो आणि पहिला आलो. परत येताना तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त उरलेल्या लवंगा माझ्या खिशात टाकल्यात. तेवढं कौतुक मला नंतर कुठल्या शालीने दिलं नाही. आणि ‘आर्शिवाद’ आजही चूकच आहे. तो आळस आहे, स्वतःच्या भाषेकडे तुच्छतेने बघणं आहे, आणि ज्या दिवशी माझ्यापुढे पुन्हा माइक येईल, मग तो कुठल्याही यंत्रातून का होईना, त्या दिवशी मी ते पुन्हा सांगेन. पण तुमच्या लाल पेनात आणि या लाल रेघेत फरक आहे. तुम्ही खूण करायच्या आधी एकदा माझ्या तोंडाकडे बघायचात. या यंत्राने कोणाच्याही घरात कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि ते आमच्या घरातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला अशुद्ध ठरवतं.

शेवटी मुलाने ते सुधारणारं यंत्र कुठेतरी आत जाऊन बंद केलं. मी वाक्य लिहिलं, जसं कानात होतं तसं. बाईने ते वाचलं, तिच्या त्याच नीटनेटक्या आवाजात, प्रत्येक अक्षर दोन बोटांनी उचलून ठेवल्यासारखं. बाबा ऐकत राहिले. चेहरा फुलला. मी पुढे सरकलो.

“बाय आता आपलं बोलाया लागली,” ते कौतुकाने म्हणाले. “शिकते बिसारी.”

मग मुलाला सुचलं की माझी भाषणं आहेत. लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलेली, कितीतरी. आवाज माझा, अस्सल. त्याने एक लावलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ ऐकलं मात्र, बाबा कोपरावर उठून बसायला बघू लागले. “आला! आवाज आला त्याचा!” बायको रडायला लागली. मीही. बाबांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि पूर्ण भाषण ऐकलं, पाण्यावरचं, माझं सर्वांत गाजलेलं. टाळ्या झाल्या. त्यांनीही दोन्ही हात एकमेकांवर ठेवले. मग तोंड दाराकडे करून वाट बघत बसले. मी दोन हातांवर होतो. थोड्या वेळाने म्हणाले, “सभा संपली ना? मग येईल आता घरी.” पेज खाल्ली नाही, तो आल्यावर खाईन म्हणाले. संध्याकाळी अंधार पडल्यावर बायकोने पुन्हा विचारलं तर म्हणाले, “अजून सभेतच हाय तो.”

पुढचे दोन दिवस मुलगा आणि मी सगळी रेकॉर्डिंगं चाळत बसलो. मला माझ्याच आवाजात एक शब्द हवा होता, घरचा. एक ‘नाय’. एक ‘बाबा, सा घे’. नव्हता, बाई. आईच्या दफनविधीनंतर मी आभार मानले ते रेकॉर्ड आहे, तुम्ही ऐकलं असतं तर एकही खूण करावी लागली नसती, इतकं निर्दोष. मुलाच्या लग्नात मांडवात बोललो ते आहे. नातीच्या बाप्तिस्म्याचं आहे. शेजारच्या कोंबड्यांना शिव्या देताना, बायकोशी मिठावरून भांडताना, बाबांशी केळीच्या घडांवरून हुज्जत घालताना मी रोज घरचं बोलत होतो, पण ते कोण रेकॉर्ड करतं? ज्या आवाजाला माझे वडील माझा म्हणून ओळखतात, त्यात ते मला सापडतच नाहीत. आवाज आहे तर मी सभेत आहे, आणि शब्द घरचे आहेत तर बोलणारी कोणी बाय आहे. या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत मी उभा आहे आणि मला दोन्हीकडचं ऐकू येतं.

तेव्हा मला तुमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा आठवला. मी सातवीत असेन. आईने तुमच्यासाठी केळफूल दिलं होतं, ते घेऊन मी चालत गिरीजला आलो. पुढचं दार बंद होतं म्हणून वाडीतून मागे गेलो. आत तुम्ही भाकऱ्या थापत होतात आणि तुमच्या सासूबाईंशी बोलत होतात. ‘सा’ म्हणत होतात. ‘हांज झाली’ म्हणत होतात, आणि कशावर तरी दोघी खदखदून हसत होतात. वर्गात तुम्हाला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पायरीवर गोठून उभा. तुमचं लक्ष गेलं. हात पिठाचे, चेहऱ्यावरचं हसू तसंच अर्धवट राहिलेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही बाई झालात. “ये, आत ये,” तुम्ही स्वच्छ मराठीत म्हणालात. “उताऱ्याचं पाठांतर झालं का?” सासूबाई तुमच्याकडे बघत राहिल्या, घरात मधेच कोण परकं आलं असं. मी केळफूल ठेवलं आणि पळालो. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की मी तुमची चोरी पकडली. आता वाटतं, तुम्हालाही ते दार दिवसातून किती वेळा लावावं लागत असेल, आणि तुम्ही कधी कोणापाशी बोलला असाल का, की ते जड जातं.

आता परवाचं लिहितो. तेच लिहायला बसलो होतो, बाकीचं आपोआप येत गेलं.

दुपारची वेळ होती. बायको बाबांना पेज भरवून आत गेली होती आणि मी खाटेशी बसलो होतो, हातात रिकामी वाटी आणि चमचा. खाट लोखंडी आहे. चमचा चुकून खाटेच्या दांड्याला लागला, टण्‌. बाबांनी झटकन तोंड माझ्याकडे वळवलं.

“पोसलं?”

आमच्या वाडीत पाणी द्यायची एक रीत होती. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत असायची. बाबा विहिरीपाशी पंपावर उभे राहत आणि मी टोकाला, शेवटच्या केळीच्या आळ्यापाशी. मधे केळींची भिंत, दिसत काही नाही, आणि पंपाच्या आवाजात हाकही पोचत नाही. म्हणून पाणी शेवटच्या आळ्यात आलं की मी लोखंडी पाइपावर फावड्याने एक ठोका मारायचा. पाणी पोचलं, बाबांच्या तोंडी ‘पोसलं’. तो ठोका पाइपातून थेट विहिरीपर्यंत जायचा. आळं भरलं की दोन ठोके. बंद कर. इतकी वर्षं आम्ही बापलेक दिवसाचा अर्धा वेळ याच भाषेत बोललो, आणि तिला ना तुमच्याकडे व्याकरण होतं ना या फोनकडे रेघ.

मी चमच्याने एक ठोका मारला.

“बाला, तू हाय?” बाबा म्हणाले. आवाज एकदम तरणा झाला होता. “कटे होतास एवढे दिस?”

कुठे होतास, याला ठोका नाही. मी पुन्हा एकच मारला. ते हसले. हात पुढे केला, मी तो धरला. त्यांनी माझी बोटं चाचपली, पूर्वी फावड्याने पडलेला घट्टा अजून आहे का ते पाहिल्यासारखी, आणि मग तो प्रश्न विचारला, थेट मला, पहिल्यांदाच मला.

“रागावलास माझ्यावर?”

एक ठोका म्हणजे हो. जगात कुठेही जा, एक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही. मी घाईत होतो, बाई. इतक्या दिवसांनी दार किलकिलं झालं होतं आणि मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी दोन ठोके मारले. टण्‌ टण्‌. ठणठणीत, शेवटच्या खुर्चीपर्यंत जातील असे.

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू खाली गेलं. “बरं,” ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातातून सुटला, हवेत थोडा वर गेला, आणि तिथे नसलेला पंपाचा खटका त्यांनी खाली ओढला. “बंद.” मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. बायकोशी बोलतात, पाणी मागतात, फादर आले तेव्हा त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणाले, सबंध, न चुकता. मी खाटेवर ठोका मारला तर मान हलत नाही. बायकोने समजावलं की त्यांना ‘नाही’ म्हणायचं होतं, रागावलो नाही म्हणायचं होतं. बाबा तिला म्हणाले, “मी ऐकलं ना. दोन मारले त्याने. बंद बोलला. बास.” गटावर मी कोणाला काही सांगितलं नाही. तिथे काल दिवसभर ‘सहाय्य’ बरोबर की ‘साहाय्य’ यावर वाद चालला होता आणि शेवटी सगळ्यांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं. बरोबर उत्तर दिलं. डॉक्टर सकाळी येऊन गेले. जाताना त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं, आणि आत येताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र कोणाला पाठवायचं नाही. तुम्हाला पोचणार नाही हे उघडच आहे, आणि गटावर टाकायचा मला धीर नाही, कारण एक गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बाबांची वाक्यं मी वर कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. ती अशीच लिहायची का, हे मला माहीत नाही. इतकं वाचलं, इतकं बोललो, इतक्यांच्या पाट्या सुधारल्या, आणि ‘मी रागावलो नाही’ हे माझ्या आईच्या भाषेत कसं लिहितात ते मला येत नाही. कधी लिहिलेलं पाहिलंच नाही.

पण माझ्यामागे हा कागद वर्गातल्या कोणाच्या हाती लागलाच, तर माझ्या वर्गबंधूंनो, वर्गभगिनींनो, यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नका. आज संध्याकाळी घरी गेलात की फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवा, लिहू नका, तोंड उघडा, आणि आपल्या घरातल्या माणसाला नावाने हाक मारून, घरच्या बोलीत, स्वतःच्या आवाजात तेवढं एक वाक्य बोलून ठेवा.